‘माले समजनं नही’ असं मूल कुठे म्हणू शकतं?

धुळे जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट ३८, शिक्षक दोन. अकरा किलोमीटरवर तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिची व्हॅन दारात येते. घरात दोन तट पडलेत. ‘चांगली प्राथमिक शाळा ओळखायची कशी? बाहेरून तर सगळ्या सारख्याच दिसतात.’

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची सात केंद्रप्रमुख म्हणून. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर फिरणारी, वर्गात मागे बसणारी आणि जाताना शेरेबुकात शेरा लिहिणारी बाई. ताई, तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. शाळा आतूनही पहिली दहा मिनिटं सारख्याच दिसतात, कारण पाहुणा आला की शाळा सावरून बसते. पोरं ‘एक साथ नमस्ते’ म्हणतात, गुरुजी शर्ट खोचतात, एखादी हुशार पोर उभी राहून कविता म्हणते. ती दहा मिनिटं जाऊ द्यायची.

मी मग वह्या मागायची. मूल्यमापनाच्या नोंदी नंतर बघता येतात, आधी वह्या. चांगल्या वर्गातल्या वह्या एकमेकींसारख्या नसतात. तीस वह्यांत तीसही वेळा ‘माझी आई सकाळी लवकर उठते. ती मला खूप आवडते’ असं सुवाच्य अक्षरात असेल आणि खाली लाल शाईत ‘छान’ असेल, तर तो निबंध फळ्यावरून उतरलेला आहे. एका द्विशिक्षकी शाळेत तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत मी वाचलं होतं: ‘माझी आई कापूस वेचाले जाते तिच्या बोटाला चिरा आहे मी रात्री व्हॅसलिन लावते’. पूर्णविराम एकही नाही. बाईंनी लाल रेघही कुठे मारली नव्हती. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘दोन्ही हातांना लावतेस का?’ आणि त्याखाली मुलीचं उत्तर, ‘हो पन उजव्याला जास्त’. शेरेबुकात त्या दिवशी मी काय लिहिलं ते आठवत नाही, ती वही मात्र आठवते. ‘वेचाले’चं ‘वेचायला’ पुढच्या महिन्यात होतंच. पण आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि त्यावर आपल्याला काही विचारतं, हे तिसरीत कळलं की मूल लिहायचं थांबत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. अभिमानाची नाही. १९९३-९४ साल असेल, माझ्याकडे दुसरी-तिसरी होती, मुलं बावीस. वजाबाकी चालली होती. एक मुलगा रोज तीच चूक करायचा. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. पहिल्या दिवशी फुली मारली, दुसऱ्या दिवशी ओरडले, तिसऱ्या दिवशी फूटपट्टीने हातावर मारलं. तेव्हा सगळेच मारायचे आणि पालकही ‘बाई, हाणा त्याला’ म्हणून सांगून जायचे. चौथ्या दिवशी तो टेबलापाशी आला आणि वही पुढे करण्याआधी त्याने हात पुढे केला.

मला ते बघवलं नाही. मी त्याला खाली माझ्याजवळ बसवलं आणि म्हटलं, हे कसं केलंस ते मला सांग. खूप वेळ गप्प. मग म्हणाला, ‘बाई, दोनमधून सात जात नाहीत. म्हणून सातमधून दोन काढले. मोठ्यातून लहान काढायचं, तुम्हीच सांगितलं होतं.’

सांगितलं होतं. पहिलीत असताना वजाबाकी शिकवताना मीच सांगितलं होतं, मोठ्या संख्येतून लहान संख्या काढायची. तो माझं ऐकत होता, आणि त्यासाठीच मी त्याला मारलं होतं. मग बाकीच्या वह्या याच नजरेने चाळल्या तर आणखी आठ जणांची चूक नेमकी तीच निघाली. फुल्या मारताना मला ते दिसलं नव्हतं, कारण मी फक्त उत्तर बघत होते.

दुसऱ्या दिवशी पोरांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बारीक काड्या आणायला लावल्या. दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. त्याच्यासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं, मला सत्तावीस दे. त्याने दोन गठ्ठे लगेच दिले. मग दोन सुट्या दिल्या. मग थांबला. अजून पाच द्यायच्या होत्या आणि हातात नुसते गठ्ठे. एवढ्या वेळात मी तोंड उघडलं नाही, आणि ते किती अवघड असतं ते कोणत्याही मास्तराला विचारा. शेवटी त्याने रबर काढलं. पाच काड्या मोजून दिल्या आणि उरलेल्या बघत बसला. दोन गठ्ठे, पाच सुट्या. पंचवीस. मी फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं आणि पाचावर काट मारून वर चार लिहिला, तर तोच म्हणाला, ‘गठ्ठा सोडला’. आमच्या वर्गात पुढची कित्येक वर्षं ‘हातचा’ हा शब्दच नव्हता. ‘गठ्ठा सोडला’ असंच चालायचं.

फूटपट्टी मी त्यानंतर फक्त रेघा मारायला वापरली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि आता मारणं खरंच पुष्कळ कमी झालंय. पण भीती फूटपट्टीतच असते असं नाही. ‘एवढं पण येत नाही?’ या वाक्यात असते, वर्ग हसला आणि बाईही हसल्या की असते. आणि भ्यालेलं मूल पहिली गोष्ट करतं ती म्हणजे चूक लपवणं. शेजारच्याचं बघून उतरवतं, मान डोलावतं, ‘समजलं का?’ म्हटलं की सगळ्यांबरोबर ‘होऽऽ’ म्हणतं. तो लांबलचक ‘हो’ म्हणजे प्राथमिक शाळेतलं सगळ्यात खोटं उत्तर. त्यामुळे माझी शाळेची एकच कसोटी राहिली: ‘बाई, माले समजनं नही’ असं या वर्गातलं सगळ्यात कच्चं पोर मोठ्याने म्हणू शकतं का? आणि म्हणालं तर पुढे काय होतं?

वाक्य मुद्दाम अहिराणीत लिहिलंय. तुमच्या घरात बहुधा अहिराणीच असेल. साक्री, शिरपूरकडच्या पाड्यांवर पावरा, भिल्ल, कोकणा आदिवासींच्या बोली आहेत, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी आहे. पहिलीत येणारं मूल घरच्या भाषेत भलतं हुशार असतं. शेळी व्यायली ते सांगेल, मोटारीचा फ्यूज कसा उडाला ते सांगेल, आजी काकूला काय म्हणाली तेही सांगेल. त्याला पहिल्याच दिवशी ‘नीट बोल, शुद्ध बोल’ म्हटलं की ते दिवाळीपर्यंत बोलत नाही, आणि आपण नोंदवहीत ‘अबोल’ लिहितो. दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले एक तरुण गुरुजी माझ्या केंद्रात होते. त्यांनी पहिल्या महिन्यात पोरांकडूनच अहिराणी शब्द लिहून घेतले, एका बाजूला पोरांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. आंडोर, मुलगा. माले, मला. चार्ट वगैरे काही नाही, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर. पोरं गुरुजींचे उच्चार सुधारायची आणि खूष असायची, कारण निदान एका विषयात गुरुजी ‘ढ’ होते.

याच कारणासाठी इंग्रजी माध्यमाबद्दल मला शंका आहे. इंग्रजीशी माझं भांडण नाही, ती चांगली यायलाच हवी. पण तालुक्याच्या गावातल्या अशा शाळांत काय चालतं ते बघा. नात्यातला एक पहिलीतला पोरगा मला ‘यू एम बी आर ई एल एल ए, अंब्रेला’ असं एका दमात म्हणून दाखवतो. अंब्रेला कशाला लागते विचारलं तर आईकडे बघतो. छत्री कशाला लागते विचारलं तर गेल्या पावसात छत्री कशी उलटी झाली आणि आबा कसे भिजले याची पाच मिनिटांची गोष्ट सांगतो. ती गोष्ट त्याच्या वर्गात सांगायची सोय नाही. ‘मे आय गो टू टॉयलेट’ पाठ आहे, ‘मला समजलं नाही’ हे कोणत्या भाषेत म्हणायचं ते त्याला माहीत नाही. काही इंग्रजी शाळांत बाई दोन्ही भाषांतून मुलांशी भरपूर बोलतात, तिथे गाडी बरी चालते. म्हणून तिथे गेलात तर फलक वाचू नका, वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहा आणि मुलं आपणहून काही बोलतात का ते ऐका. नुसतं बाईंच्या मागे म्हणणं ऐकू येत असेल तर परत या.

वाचनाकडे येते, कारण पहिली-दुसरीत खरा सौदा तोच आहे. वाचता आलं तर बाकीचे विषय मूल ओढून नेतं, नाही आलं तर चौथीपासून सगळंच अवघड. ‘असर’ ही ‘प्रथम’ संस्थेची मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी २००५पासून होते. २०२४च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती. २०२२ला, म्हणजे करोनानंतर, ती १६.३ टक्के होती. सुधारणा मोठी आहे, तरी चौथा हिस्साही भरत नाही. यात पोरांचं डोकं कमी पडतं असं मला कधी दिसलं नाही. बहुतेक ठिकाणी ती पाठ म्हणत असतात आणि आपण त्याला वाचन समजतो.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. तिसरीतल्या मुलाला दुसरीचं बालभारती द्या आणि पानाच्या मधल्या ओळीपासून वाचायला सांगा. चित्रावर हात ठेवा. पाठ म्हणणारं पोर अडकतं आणि पहिल्या ओळीकडे पळतं. एकाला मी ‘विहीर’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं तर त्याने सगळा धडा सुरुवातीपासून घडाघडा म्हटला आणि ‘विहीर’ येताच माझ्याकडे बघून थांबला. हुशारच म्हणायचं, पण वाचता येत नव्हतं.

चांगल्या पहिलीत ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत रांग लावत बसत नाहीत. चार-सहा अक्षरं घेतात आणि लगेच शब्द करायला लावतात. क, म, ल आणि काना एवढंच आलं तरी काम, माल, लाल, काका, मामा, मला, कमाल एवढा ऐवज हाती येतो. अननस आमच्या भागात पोरांनी फक्त पुस्तकात बघितलेला, काका-मामा घरोघरी. आठवड्याभरात पोरगं शब्द ‘बनवतं’, आणि एकदा बनवायला लागलं की त्याला थांबवावं लागतं. एक जण ‘लकमा’ करून आला आणि म्हणाला, ‘बाई, हे पण वाचता येतं. याचा अर्थ काय?’ अर्थ नाही, म्हटलं. मग त्याने तो आपल्या कुत्र्याला दिला.

गणितातही अक्षराइतकाच बारीक घोळ असतो, आणि तो आपल्या भाषेचा आहे. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की आधी तीन ऐकू येतो, म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतो आणि लिहायचे असतात ४९. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’, ‘वीस एक’ असं वाचनही दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. विनोद झाले, विधानसभेपर्यंत विषय गेला. मी जुने शब्द सोडा म्हणणारी नाही, माझ्या वर्गात दोन्ही चालायचं आणि चौथीपर्यंत सगळी पोरं ‘त्रेसष्ट’वर आपोआप यायची. पण टीव्हीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कुणी दुसरीतल्या पोराशेजारी सतरंजीवर अर्धा तास बसलं असतं, तर आवाज जरा खाली आला असता.

पुस्तकांचं कपाट जरूर बघा. जवळपास प्रत्येक शाळेत गोष्टींची पुस्तकं आलेली असतात आणि बऱ्याच शाळांत ती कुलपात असतात. गुरुजींचा आळस हे एकच कारण नाही. पुस्तकं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, चढलेली असतात. उद्या बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यावं लागतं, फाटलं-हरवलं तर निर्लेखनाचा, म्हणजे यादीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करा, नाहीतर खिशातून भरा. त्यापेक्षा कुलूप सोपं. माझ्या केंद्रात एका बाईंनी खिडकीच्या गजांना सुतळी बांधून त्यावर पुस्तकं लटकवली होती. वर्षाला सात-आठ फाटायची, दोन-तीन गायब व्हायची. ऑडिटच्या वेळी त्यांनी फाटकी पुस्तकं टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, ‘ही वाचली गेलेली, आणि ही कपाटातली कोरी. कशाबद्दल उत्तर देऊ?’ प्रश्न बिनतोड होता, तरी प्रस्ताव करावाच लागला.

भिंतींवर फार जाऊ नका. रंग, आगगाडीसारखे रंगवलेले वर्ग, स्मार्ट टीव्ही, सगळं लोकवर्गणीतून येतं आणि गावाला त्याचा अभिमान असतो, असावाही. पण २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हाची गोष्ट सांगते. साताऱ्याच्या कुमठे बीटमधलं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातलं, ज्ञानरचनावादी काम बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. ते काम चांगलंच होतं, पोरं स्वतः शिकत होती, गुरुजी बाजूला बसून बघत होते. बरेच जण तिथून परत आले ते जमिनीवरच्या रेखाटनांचे फोटो घेऊन. मग आमच्याकडे फरशीवर ऑइलपेंटने संख्यारेषा, साप-शिडी, मुळाक्षरं उमटली, आणि पाय लागून रंग जाऊ नये म्हणून पोरांना त्यावर बसायला मनाई झाली. एका शाळेत तर संख्यारेषेवर तांदळाची पोती ठेवली होती.

पाणी, मुताऱ्या, खिचडी हे तर हवंच. त्यात विशेष सांगण्यासारखं थोडं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारा. आहार शिजला की मुलांना वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. त्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी केलेल्या असतील तर ते लगेच ओळखू येतं. खिचडी वाढणारी ताई मुलांना नावाने हाक मारते की ‘ए, सरक’ म्हणते, याकडेही मी लक्ष ठेवायची.

दोन शिक्षक आणि चार वर्ग याची तुम्हाला काळजी वाटतेय. कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तुमच्या शाळेत एकाकडे सरासरी एकोणीस पोरं. हे प्रमाण वाईट नाही, शहरातले पालक यासाठी पैसे मोजतात. पहिली-दुसरी एकत्र बसली तर दुसरीची पोरं पहिलीला शिकवतात, पहिलीची दुसरीचं ऐकून पुढे पळतात. मोठ्या भावंडासारखं चालतं. मात्र बहुवर्ग अध्यापन जमायला लागतं. ते जमलंय का, हे बघायची युक्ती अशी: गुरुजी ज्यांना शिकवताहेत त्यांच्याकडे बघू नका. ज्यांच्याकडे गुरुजींची पाठ आहे त्यांच्याकडे बघा. ती पोरं दोघा-दोघांनी काही मोजत, वाचत, भांडत असतील तर शाळा चांगली. ‘धडा पाच वेळा लिहा’ लावून दिलं असेल आणि चौथ्या वेळेला अक्षरं पेंगायला लागली असतील, तर नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. दोनातला एक शिक्षक किती दिवस शाळेत असतो? पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं असं कायदा सांगतो. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असंही सांगतो. प्रत्यक्षात बैठका, प्रशिक्षणं, मतदारयाद्या आणि मोबाइलवर दुपारी एकला येणारा ‘आजच माहिती भरा’ हा निरोप. मी केंद्रप्रमुख असताना एका वरिष्ठ कार्यालयाने एकाच महिन्यात मुलांच्या आधारची माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत मागवली होती आणि ती शाळांकडून गोळा करणारी मीच होते. त्या महिन्यात माझ्या केंद्रात किती वजाबाक्या राहिल्या असतील ते देव जाणे. तुम्ही शाळेत विचारा, पण असं विचारा: ‘सर मीटिंगला गेले की त्या वर्गाचं काय होतं?’ चांगल्या शाळेत याची काहीतरी ठरलेली सोय असते. चौथीचे गटप्रमुख, गोष्टीचा तास, काहीही. ‘होतं कसंतरी’ हे उत्तर असेल तर तेही काही सांगून जातं.

हजेरीचंही तसंच. आपल्याकडे कापूस वेचणीला पोरं घरी राहतात, दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. हजेरीपटावर ‘गैरहजर’ मांडून गुरुजी मोकळे होऊ शकतात. पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या अनुताई वाघांनी बघितलं होतं की पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच गुरांच्या मागे नेली, कुरणशाळा काढली. एवढं प्रत्येकाला जमणार नाही. पण मार्चमध्ये परत आलेलं पोर ‘तुझं राहिलं ते राहिलं’ म्हणून मागच्या रांगेत बसतं, की त्याला कुठून अडलंय ते बघून तिथूनच धरतात, यातला फरक त्याच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांनाही कळतो. आपण आजारी पडलो तरी आपल्याला असंच धरतील, हे त्यांना दिसतं.

तर ताई, तुमच्यापुरतं सांगते. मंगळवार-बुधवारी, दुपारच्या सुट्टीनंतर गावातल्या शाळेत जा. शनिवारी नको, सकाळची शाळा असते, निम्मी कवायतीत जाते. १५ ऑगस्टला तर मुळीच नको. वह्या मागा, वाचायला सांगा, गुरुजींची पाठ असेल त्या पोरांकडे बघा. मग बाईंना किंवा गुरुजींना एकटं गाठून एवढंच विचारा: ‘तिसरीत अजून वाचता न येणारे किती आहेत?’ ‘आमच्याकडे सगळ्यांना येतं’ म्हणाले, तर तालुक्याच्या शाळेचाही विचार करा आणि तिथेही हाच प्रश्न विचारा. ‘चौघं आहेत’ म्हणाले, आणि न विचारता पुढे सांगायला लागले की त्यातल्या दोघींना जोडाक्षरं अडतात, एक दिवाळीनंतर गुजरातेतून आलाय, आणि चौथ्याला लांबचं दिसत नाही म्हणून पुढे बसवलंय, चष्म्यासाठी त्याच्या वडिलांच्या मागे लागलोय, तर तिथेच नाव घाला.

आणि घातलंत तर शाळा व्यवस्थापन समितीवरही या. तिच्यात पाऊण सदस्य पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बहुतेक ठिकाणी बायकांच्या सह्या त्यांचे नवरे घरी नेऊन आणतात. तुम्ही स्वतः बैठकीला जा आणि पहिल्याच बैठकीत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागा. व्हॅनचं भाडं वाचेल त्यातून गोष्टींची पंधरा-वीस पुस्तकं स्वतःच घेऊन द्या. ती नोंदवहीत चढवू नका म्हणावं. फाटली तर चिकटपट्टी मी पाठवते.